हौद धुतला त्या एप्रिलात

परीक्षा तोंडावर आलेली असताना तुमच्या डोक्यावरचं छप्पर कुणी काढून घेतलं, तर तुम्ही कोणत्या विषयाचं पुस्तक उघडाल?

मी राज्यशास्त्राचं उघडलं होतं. मूलभूत हक्कांचं प्रकरण काढलं होतं आणि पहिल्या परिच्छेदाच्या पुढं मला जाता येत नव्हतं. डोळे ओळींवर, कान बाहेरच्या फाटकाकडं. फाटक वाजलं की मी उठून दाराशी जायची. आज इतक्या वर्षांनी कुणाच्याही घराचं लोखंडी फाटक करकरलं तरी मी उठून बघतेच.

हिंगोली तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नवी ऑफिसं आली, त्यांच्यामागून साहेब आले, कारकून आले, त्यांची बिऱ्हाडं आली, आणि गावातल्या खोल्या बघता बघता भरल्या. आमच्यासारख्यांना त्या आधी सहज मिळत होत्या असं मुळीच नाही. पण आता घरमालकांना निवड करायची चैन मिळाली होती.

मी आखाडा बाळापूरची. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील ज्या सभेला जात तिथून गुलाबी, पिवळ्या, निळ्या कागदावरची पत्रकं घेऊन येत. वाचून झाली की आई ती फडताळात डब्यांखाली अंथरायची. मी वाचायला शिकले ती डबे उचलून. त्यामुळं असेल, कॉलेजात आले तेव्हा माझ्या बोलण्यातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. मंडळात गेले ती लढायला म्हणून. मंडळानं मला एसटी स्टँडवर नेऊन उभं केलं.

मंडळ म्हणजे आमच्या कॉलेजातल्या मागासवर्गीय पोरापोरींचं विद्यार्थी मंडळ. त्याला ऑफिस नव्हतं, बोर्ड नव्हता. मुलांच्या वसतिगृहामागं एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली बैठक व्हायची. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की मंडळाची पोरं पाळीपाळीनं स्टँडवर थांबत. पत्र्याची पेटी, बरोबर बाप नाहीतर मामा, आणि छातीशी धरलेली कागदांची पिशवी, असं कुणी गाडीतून उतरलं की पुढं होऊन विचारायचं, "कॉलेजला का? राहायचं काय ठरलं?" मग त्याला खोली बघून द्यायची, वरच्या वर्गातल्या कुणाची तरी पुस्तकं मिळवून द्यायची, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो ते नेऊन दाखवायचं. आडनाव विचारायचं नाही. ज्याला खोली मिळत नाही तो आपला, एवढी सोपी व्याख्या होती.

मला ती फार मिळमिळीत वाटायची. "ह्याच्यात क्रांती कुठंय?" असं मी एकदा आमच्या अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणजे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा, मिसरूड पुरती न फुटलेला मुलगा.

"कळमनुरीच्या गाडीनं एक पोरगी येऊन राहिली," तो म्हणाला. "जा, पेटी उतरून घे तिची."

मुलींच्या वसतिगृहात जागा लवकर संपायच्या. म्हणून मंडळाच्या जुन्या सभासद असलेल्या एका ताईंनी स्वतःच्या नावावर घर भाड्यानं घेतलं होतं. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. एका मोठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या, पुढच्या भागात घरमालकीणबाई, आणि मधल्या अंगणात दोघांच्या वापराचा सिमेंटचा हौद. त्या खोल्यांत ताईंबरोबर आम्ही तिघी राहायचो. ताईंचं आडनाव गावावरून पडलेलं होतं, त्यातून काही उमगायचं नाही. घरमालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी गृहीत धरलं की सिस्टर आपल्यातल्याच आणि पोरी सिस्टरच्या नात्यातल्या. ताई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ताईंचा नियम एकच होता, गल्लीत एकमेकींना आडनावानं हाक मारायची नाही. म्हणून आम्ही गावांच्या नावानं हाका मारायचो. मी बाळापूर. दुसरी नरसी, कारण ती नरसी नामदेवची. घर बौद्धांचंच, आमच्यासारखं, आणि जीभ कात्रीसारखी. तिसरी सिद्धेश्वर धरणाजवळच्या बंजारा तांड्यावरची. 'सिद्धेश्वर' एवढं लांब नाव हाक मारायला जड जायचं, म्हणून तिला आम्ही नुसतं 'धरण' म्हणायचो.

"आमी एवढ्याशा गावाच्या, आन ही बघा, आख्खं धरण घेऊन आली," नरसी म्हणायची. "पानी सोड गं जरा!"

मला तो नियम सलायचा. "हे लपणं आहे," मी ताईंना म्हणाले होते.

"व्हय, लपणंच हाये," ताई म्हणाल्या. "पेपर होऊ दे. मंग गच्चीवर चढून आडनाव ओरड, मी खालून टाळ्या वाजवते."

धरण आमच्यात लहान, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. तिच्या तांड्यावरून दहावीच्या पुढं आलेली ती पहिली मुलगी. जूनमध्ये तिचे वडील तिला घेऊन आले होते. डोक्याला पटका, हातात काठी. खोलीत यायला ते तयार होईनात. उंबऱ्याबाहेर उभे राहून आम्हा सगळ्यांसमोर ताईंना म्हणाले, "बाई, शिकू द्या लेकराला. पन एक सांगतो. कोनी एक दिवस जरी हिच्याकडं बोट दाखवलं, तर मी घेऊन जाईन. मंग मला थांबवायचं न्हाई." सेनगावकडचं एक स्थळ तिच्यासाठी सांगून आलेलं होतं, हे धरणनंच आम्हाला नंतर सांगितलं. दर आठवडी बाजाराला ते हिंगोलीला यायचे, ज्वारीचं पीठ नाहीतर डाळ देऊन जायचे, आणि जाताना ताईंना विचारायचे, "समदं बराबर हाये ना?" ताई म्हणायच्या, "बराबर हाये." त्या एका शब्दावर धरणचं वर्ष पुढं सरकत होतं.

तर एप्रिल. तेरा तारीख, जयंतीचा आदला दिवस. जयंतीला आमच्या बाया पांढऱ्या साड्या नेसतात, आणि हे हिंगोलीतल्या कुठल्याही गल्लीला सांगावं लागत नाही. ताई, नरसी आणि मी, आम्ही तिघींनी साड्या आणून ठेवल्या होत्या, ताईंची त्यांची स्वतःची, माझी आणि नरसीची आमच्या आयांच्या. त्या पिशवीत घालून आमच्या लोकांच्या वस्तीतल्या एका ओळखीच्या घरी न्यायच्या, तिथंच नेसायच्या, तिथंच बदलायच्या, असं ठरलेलं. पण धरणला हे ठरवणं कुणी नीट सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? की आमचा सण आम्ही पिशवीत घालून नेतो?

मी आणि नरसी कॉलेजात, ताई ड्यूटीवर. धरणला वाटलं, उद्या ह्यांचा मोठा दिवस, साड्या चुरगळलेल्या आहेत. तिनं त्या धुतल्या, निळीत काढल्या, खळ केली, आणि मागच्या तारेवर गाद्या वाळत होत्या म्हणून तिन्ही साड्या पुढच्या गच्चीच्या तारेवर घातल्या. पूर्ण उलगडून. ओळीनं.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो आणि नरसी थांबली. उन्हात त्या साड्या डोळ्यांत खुपत होत्या.

"अगं माय," नरसी म्हणाली. "झेंडाच लावायचा राहिला बघ."

धरण दारात उभी होती, हात निळे. "कशा निघाल्या? काकूनं बी इचारलं."

"काय इचारलं?"

"म्हनल्या, तिन्ही पांढऱ्या काहून गं? मी म्हनलं, ताईची, बाळापूरची आन नरसीची, उद्या जयंतीला घालायच्यात. आमच्या तांड्यात तर पांढरं नेसलं की मानूस मेलं समजतात. ह्यांचं उलटंच."

"मंग काकू काय म्हनल्या?"

"बरं म्हनल्या."

खरं सांगते, माझ्या मनात आधी आनंदच उसळला. झालं एकदाचं! उद्या पिशवी न्यायची गरज नाही. पण ताई आल्या, त्यांनी गच्चीकडं पाहिलं, खाली बसल्या, पायातले बूट न काढता म्हणाल्या, "बाजार कवा हाये?"

बाजार पुढच्या आठवड्यात होता, आणि धरणचा पहिला पेपर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.

जयंतीला आम्ही त्याच फाटकातून पांढऱ्या साड्या नेसून बाहेर पडलो. आता लपवायला राहिलं काय होतं? धरणही आली, पंजाबी ड्रेस घालून. मिरवणुकीत ढोल वाजत होते, लोक नाचत होते, आणि मी गर्दीत पटके शोधत होते. तांड्याकडचं कुणी आलंय का, तिला बघतंय का, बापाला जाऊन काही सांगेल का. नरसीनं मला दोनदा ढोसलं. "तोंड असं काहून केलंस? आपली जयंती हाये, दहावा न्हाई."

दुपारी परत आलो तर गल्लीत पाणी वाहत होतं. एप्रिलमध्ये, जेव्हा हिंगोलीत लोक टँकरमागं कळशा घेऊन पळत होते. आमच्या अंगणातला भरलेला हौद बोळा काढून मोकळा केलेला. आत एक गडी उतरून चुन्यानं घासत होता. शेजारच्या बाया ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. काकू खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"हौद दरवर्षी धुतेच मी," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कुणी काही विचारलं नव्हतं.

काकू वाईट बाई होत्या असं मला लिहिता येत नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग येतो. पापड लाटायला बसल्या की त्या आम्हाला बोलावून लाट्यांचे गोळे द्यायच्या. नरसीला ताप आला तेव्हा पेज करून आणली होती. त्याच हातांनी त्यांनी आमच्याकडच्या नळाची चावी बंद केली आणि संध्याकाळी ताईंना हळूच सांगितलं, "सिस्टर, पुतण्याची बदली झालीय इकडं. खोल्या लागतील. लवकर बघा." पेपर तोंडावर आहेत असं ताई म्हणाल्या. काकूंनी मान हलवली, म्हणजे कळतंय, पण.

त्या दिवसांत अभ्यास म्हणजे काय होता ते सांगते. एकजण हातपंपावर रांगेत, एकजण दारात, एकजण पुस्तकापुढं. गल्लीतून जाताना ओट्यावरचं बोलणं थांबायचं, आम्ही पुढं गेलो की पुन्हा सुरू व्हायचं. मला त्या थांबण्याची भीती वाटायची. कारण हेच ते दाखवलेलं बोट होतं, आणि ते बाजाराच्या दिवसापर्यंत असंच राहिलं तर धरणच्या वडिलांना दिसल्याशिवाय राहणार नव्हतं.

लिंबाखाली बैठक भरली. पोरं तापली होती. कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढायचा, असं अध्यक्ष म्हणाला. मी तर पत्रक लिहूनच नेलं होतं. 'हौद धुणाऱ्यांनो, मनं कधी धुणार?' असा त्याचा मथळा होता. मी ते मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या.

धरण कधी बैठकीत बोलायची नाही. ती म्हणाली, "हे बाजारात वाटतान का?"

"बाजारातच तर वाटायचं," अध्यक्ष म्हणाला.

"माझा बा वाचत न्हाई. पन त्याला कोनी बी वाचून दाखवील."

एक पोरगा म्हणाला, एका मुलीसाठी प्रश्न दाबायचा का? माझ्याही ओठांवर तेच होतं, हे कबूल करायला मला लाज नाही. तो चुकीचा प्रश्न नव्हता. आजही मला त्याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. पण ताईंनी त्याच्याकडं बघून विचारलं, "मंडळ कशाला काढलं व्हतं रे?" आणि त्यानं मान खाली घातली.

मोर्चा पेपरांनंतर, असं ठरलं. बाजाराआधी खोली शोधायची. मग मंडळानं त्याला जे येत होतं ते केलं. पोरांनी अभ्यास सोडून अख्खं गाव पालथं घातलं. संध्याकाळी लिंबाखाली येऊन एकेकजण सांगायचा.

"कोण गाव, म्हनले. सांगितलं. कोण लोक, म्हनले. मी म्हनलं, विद्यार्थी लोक. दार लावलं."

"मला तर च्या पाजला. मंग आडनाव इचारलं. मंग कप बाहेरच ठेव म्हनले."

हसू यायचं, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या गल्ल्या वाटून घेतल्या जायच्या. शेवटी मंडळाचा एक जुना सभासद पुढं आला. तो एसटीत कंडक्टर होता, वस्तीत त्याचं पत्र्याचं घर होतं. पेपर होईपर्यंत बायकोपोरांना घेऊन भावाकडं राहतो म्हणाला. त्याची बायको फणकाऱ्यानं भांडी आवरत होती. "ह्या मंडळाशीच लगीन लावायचं व्हतं तुमी," ती म्हणाली. आणि आम्हाला म्हणाली, "चुलीतलं लाकूड ओलं हाये, धूर व्हतो. पोरींनो, दार उघडं ठेवून सैपाक करा."

आम्ही भर दुपारी हातगाड्यावर सामान घालून निघालो. काकू फाटकापर्यंत आल्या.

"सिस्टर, आधी सांगितलं असतं तर..."

"तर काय, काकू?" ताईंनी शांतपणे विचारलं.

काकूंनी पदर सारखा केला आणि आत गेल्या.

बाजाराचा दिवस उजाडला. ताईंनी ठरवलं होतं की धरणच्या वडिलांना स्टँडवरच गाठायचं, सगळं आपण सांगायचं. पण गाडी लवकर आली, नाहीतर ते दुसऱ्या गाडीनं आले, कोण जाणे. ताई स्टँडवर उभ्याच राहिल्या आणि ते थेट काकूंच्या घरी जाऊन पोचले. आम्हाला हे कळलं, ते वस्तीत येऊन दारात उभे राहिले तेव्हाच. खांद्यावर पिठाचं गठुडं, कपाळावर घाम. त्यांनी पत्र्याचं घर पाहिलं, बाहेरचा निळा झेंडा पाहिला, मला आणि नरसीला पाहिलं.

धरण उठून उभी राहिली. तिनं हातातलं पुस्तक मिटलं.

"त्या बाईशी बोलून आलो," ते म्हणाले. "बाई म्हनली, तुमची पोरगी गुनाची हाये. तिच्याबद्दल आमचं काही न्हाई. ती एकटी ऱ्हाऊ शकती. खोली देते म्हनली, पानी बी देते. त्या बाकीच्या तिघीला जायला सांगितलं, म्हनली."

मी हे ऐकलं आणि हातातली वही खाली ठेवली. आम्ही इतके दिवस त्या माणसाला घाबरत होतो की तो तिला घेऊन जाईल. असं काही त्याच्या हातात ठेवलं जाईल हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चांगलं घर. पाणी. उद्या पेपर. आणि त्यासाठी फक्त आमचा हात सोडायचा. मी धरणकडं बघायचं टाळलं. तिनं हो म्हटलं असतं तर तिला दोष द्यायला माझ्याकडं एकही शब्द नव्हता.

"त्या साड्या मी धुतल्या, बा," ती म्हणाली. "त्याच हौदाच्या पान्यानं. मला काहून ठेवती ती?"

वडिलांनी गठुडं खाली ठेवलं. नरसीनं तांब्या पुढं केला. ते म्हणाले, "तहान न्हाई." मग काठी टेकून बसले. तांड्यात ह्याचं काय सांगायचं ह्याचा ते विचार करत असावेत. वस्तीत पोरगी ठेवली, म्हणून त्यांच्याकडंही कुणी बोट दाखवणार होतंच.

"पेपर उद्या ना?"

"व्हय."

"उद्याचा होऊ दे. मंग बघू."

ते गावी गेले नाहीत. रात्री कुठं झोपले ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरच्या वेळी कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडं उकिडवे बसलेले दिसले. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "आला का लिवता?" ती म्हणाली, "आला." ते म्हणाले, "दुसरा कवा हाये?" तिनं वार सांगितला. "तेवढा होऊ दे. मंग बघू."

असं करत करत तिचे सगळे पेपर झाले. त्यांनी एकदाही हो म्हटलं नाही, आणि एकदाही तिचा हात धरून ओढलं नाही. आम्ही प्रत्येक पेपरानंतर त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो. मोर्चा मे महिन्यात निघाला, उन्हात, थोड्याच लोकांचा. मी घोषणा दिल्या. काकूंच्या गल्लीवरून तो गेला नाही.

धरण पास झाली. जूनमध्ये ती पेटी घेऊन आली, वडीलच सोडायला आले. पण खोली नव्हती. कंडक्टरच्या घरात पुन्हा राहणं शक्य नव्हतं, त्याच्या बायकोला दिवस गेले होते. ताईंची बदली झाली होती. मला आणि नरसीला वस्तीत एका घरी ओसरी मिळाली, तिथं तिसरं अंथरूण मावत नव्हतं. वसतिगृह भरलेलं. मंडळ पुन्हा दारोदार फिरलं, पुन्हा तेच प्रश्न. धरणनं गावाकडून येऊन-जाऊन करायचं ठरवलं. औंढ्याला गाडी बदलावी लागायची. एक चुकली की दुसरी मिळायची नाही, पहिला तास जायचाच. पावसात रस्ता बंद झाला की आठवडाभर यायची नाही. तिचे वडील कधी कधी तिच्याबरोबर औंढ्यापर्यंत यायचे, गाडी मिळेपर्यंत थांबायचे. दिवाळीनंतर ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सेनगावकडंच.

ज्या माणसाला आम्ही घाबरलो होतो त्यानं तिचं शिक्षण थांबवलं नाही. एक खोली नव्हती म्हणून ते थांबलं. हे मी कुठल्याही सभेत सांगितलं की लोक हळहळतात आणि घरी जातात. म्हणून हळहळ नको.

आता प्रवेशाचे दिवस जवळ आलेत. तुमच्या गावात कॉलेज असेल आणि तुमच्या घरात एक खोली असेल, तर कुणी पोरगी दार वाजवेल ह्याची वाट बघू नका. ह्याच आठवड्यात कॉलेजात जा. अशा पोरापोरींचं जे काही मंडळ असेल, ते बहुतेक एखाद्या झाडाखाली नाहीतर चहाच्या टपरीवर सापडेल, त्यांतल्या कुणालाही गाठा. खोलीची चावी त्याच्या हातात द्या आणि सांगा की ती पूर्ण वर्षासाठी आहे, परीक्षेच्या तोंडावर परत मागणार नाही.